चराईबंदीनंतरचं गवत : व्हॅली ऑफ फ्लॉवर्स आणि आमचं गायरान

१ मे २०२२ च्या ग्रामसभेत मी उभा राहून जे बोललो त्यातली एक गोष्ट अर्धवट होती. हे प्रकरण तिथूनच सुरू होतं.

गाव पाटोदा तालुक्यातलं, बालाघाटाच्या पठारावरचं. पाणलोटाच्या कामाची बोलणी चालू होती आणि गायरानावर चराईबंदी करायची का, एवढा एकच विषय सभेपुढं होता. मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतो, घर गावातच, म्हणून सरपंचांनी मला बोलायला लावलं. मी मोबाइलवरचे फोटो फिरवले. म्हणालो, उत्तराखंडात व्हॅली ऑफ फ्लॉवर्स आहे, १९८२ साली तिचं राष्ट्रीय उद्यान झालं, मेंढ्या बंद झाल्या, आणि आज बघा तिथं कशी फुलं आहेत. आपणही पाच वर्षं गायरान पूर्ण बंद ठेवू. बऱ्याच जणांनी माना डोलावल्या.

मागं पारावर नाना बसले होते. त्यांच्या घरात चार पिढ्या मेंढरं. त्यांनी मोबाइल हातात घेतला, फोटो जवळ धरून, लांब धरून पाहिला आणि विचारलं, "सर, ह्या फोटोत पार वरपतोर एकच जात दिसतीया. रानात एकच जात माजली की मी तिथं मेंढरं नेत न्हाई. मेंढरं बंद केली म्हणून ही फुलं आली, का मेंढरं बंद केली म्हणून ही एकच जात आली? तुम्ही जाऊन बगितलंय का?"

मी गेलेलो नव्हतो. वाचलेलं बोलत होतो, आणि वाचलेल्यातलंही सोयीचं तेवढंच. शेवटच्या रांगेतून एक मावशी म्हणाल्या, "चार शेळ्यांवर माझं घर हाय. पाच वर्सं त्यांनी काय खायचं?" या प्रश्नालाही माझ्याकडं उत्तर नव्हतं. विषय २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेवर ढकलला गेला. मी नानांना म्हणालो, चला, दोघं मिळूनच बघून येऊ.

गायरान म्हटलं की बाहेरच्या माणसाला पडीक माळ दिसतो. मराठवाड्यात त्या शब्दाला बरेच पदर आहेत. भूमिहीनांनी कसायला धरलेली जमीनही गायरानच, आणि त्यासाठी झालेले लढे अजून लोकांच्या तोंडी आहेत. म्हणून गायरान "बंद करू" असं कुणी म्हटलं की पहिला प्रश्न येतो, कुणासाठी बंद? ज्याच्या विहिरीला पाणी आहे त्याला बंदीचा त्रास नाही. पाणलोटाचं पाणी मुरलं की फायदाही आधी त्याच्याच विहिरीला. झळ बसते ती शेळीवाल्याला.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आम्ही जालन्याहून सचखंड एक्सप्रेसनं दिल्ली गाठली. पुढं हरिद्वार, तिथून जोशीमठ, मग गोविंदघाट. गोविंदघाटच्या गुरुद्वारात चहा घेताना एका वृद्ध सरदारजींनी कुठले म्हणून विचारलं. बीड त्यांना कळेना. नानांनी "नांदेडच्या अलीकडं" म्हणताच त्यांनी कपाळाला हात लावला, "हुजूर साहिब!" आणि आमच्या ताटात आणखी दोन रोट्या आल्या. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ साली देह ठेवला तो नांदेडला, आणि मागच्या जन्मी त्यांनी तप केलं अशी श्रद्धा आहे ते हेमकुंड याच वाटेनं वर, ४,३०० मीटरच्याही पुढं. नाना पुढं दिवसभर तेच बोलत होते, की आपल्या गोदावरीच्या काठचा माणूस इथं परका नाही.

पुलनापर्यंत जीप जाते. तिथून घांघरियापर्यंत सुमारे दहा किलोमीटर चढण. घांघरिया साधारण ३,०५० मीटरवर आहे. मला धाप लागत होती आणि नाना काठी टेकत माझ्यापुढं चालत होते.

आता उद्यानाबद्दल, थोडक्यात. व्हॅली ऑफ फ्लॉवर्स चमोली जिल्ह्यात आहे, क्षेत्र ८७.५ चौरस किलोमीटर. पुष्पावती नदी तिच्यातून वाहते. १९३१ साली कामेट शिखर सर करून परतणारा ब्रिटिश गिर्यारोहक फ्रँक स्माइथ वाट वाकडी करून या दरीत उतरला, १९३७ मध्ये पुन्हा येऊन राहिला, आणि त्याच्या लिखाणानं दरीचं नाव जगभर गेलं. १९३९ मध्ये जोन मार्गारेट लेग ही बाई फुलं गोळा करायला आली, उतारावरून घसरली आणि गेली. तिची समाधी दरीतच आहे. १९८२ साली राष्ट्रीय उद्यान झालं तेव्हा हा भाग उत्तर प्रदेशात होता. १९८८ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या नंदादेवी उद्यानाला २००५ मध्ये ही दरी जोडली गेली. आज उत्तराखंडात सहा राष्ट्रीय उद्यानं आहेत : कॉर्बेट, राजाजी, गंगोत्री, गोविंद, नंदादेवी आणि ही. महाराष्ट्रातही सहाच आहेत, पण मराठवाड्यात एकही नाही. आपल्याकडं आहेत ती अभयारण्यं. आमच्या तालुक्यातलं नायगावचं मयूर अभयारण्य त्यातलंच.

हा फरक नुसत्या नावाचा नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यातल्या कलम ३५ प्रमाणे राष्ट्रीय उद्यानात गुरं चारायला परवानगी देताच येत नाही. अधिकृत माणसानं वाहन म्हणून वापरलेलं जनावर तेवढं आत येऊ शकतं. अभयारण्यात मात्र चराईवर नियंत्रण ठेवून ती चालू राहू शकते. म्हणजे उद्यान झालं की चराईचा विषय संपला. कितीही अभ्यास होवो, "एक कोपरा चार वर्षं चारून बघू" असा प्रयोग कायद्यात बसत नाही. ही गोष्ट मी वर्गात अनेकदा शिकवली होती. तिचा अर्थ मला दरीत उभं राहिल्यावर कळला.

दरीचं फाटक सकाळी उघडतं. आत मुक्काम करता येत नाही, खेचरं आत येत नाहीत, संध्याकाळच्या आत परत फिरावं लागतं. पुलावरून पुष्पावती ओलांडून चढ चढलो आणि पुढं दरी पसरलेली दिसली. मी खरंच भारावलो. गुलाबी तेरडा कंबरेएवढा, आपल्या बांधावरच्या तेरड्याचा थोरला भाऊ. पिवळी, निळी, जांभळी फुलं. पाचशेहून जास्त फुलझाडांच्या जाती या एका दरीत आहेत. मी फोटो काढत होतो. नाना मात्र वाटेच्या कडेला उकिडवे बसले होते.

त्यांच्यापुढं उपटलेल्या झाडांचा ढीग होता. नुकताच उपटलेला, मुळांना ओली माती. जाड, पोकळ, पेराची कांडी, लांबट पानं, शेंड्याला बारीक पांढऱ्या फुलांचे तुरे. शास्त्रीय नाव पॉलिगोनम पॉलिस्टॅकियम. नाना म्हणाले, "हीच ती. फोटोतली." ढिगातलं पान त्यांनी चुरगाळून जिभेवर ठेवलं. "आंबट हाय. चुक्यावानी." मला तेव्हा फार बरं वाटलं, कारण हे झाड खरोखरच आपल्या आंबटचुक्याच्या कुळातलं आहे, आणि मी ते सांगायच्या आधी त्यांच्या जिभेनं ओळखलं होतं.

मग त्यांनी काठीनं वाटेलगतची उभी झाडं हळूच एका बाजूला सारली. न तोडता, जसा माणूस पडदा सारतो. आत छातीभर उंचीचं रान, आणि बुडाशी काय? काळी ओली माती, कुजलेली पानं, आणि उन्हासाठी वाकडं झालेलं, फिकट पोपटी, बोटाएवढं एकच रोप. दुसरं काही नाही. चार हात पलीकडं, जिथं हे झाड नव्हतं तिथं, तळहाताएवढ्या जागेत मी सहा वेगवेगळी पानं मोजली. नाना म्हणाले, "वरून बगितलं तर हिरवं. खालून बगा."

ढिगाचं काम वनविभागाचं. पॉलिगोनम बी धरायच्या आत माणसं लावून हातानं उपटायचं, आणि हे दर वर्षी करायचं, कारण जमिनीतल्या कांडाचा तुकडा राहिला की तो पुन्हा फुटतो. हे तण बाहेरून आलेलं नाही, हिमालयातलंच आहे. युरोपात मात्र तेच झाड बागेतून सुटून डोकेदुखी होऊन बसलं आहे. दरीत खालच्या भ्यूंडार भागातल्या लोकांच्या शेळ्या-मेंढ्या पिढ्यानपिढ्या चरत. उद्यान झाल्यावर ते थांबलं, आणि त्यानंतर हे झाड पसरत गेल्याचं लोकांच्या डोळ्यांत भरू लागलं.

यावर अभ्यासकांत एकमत नाही आणि ते लपवण्यासारखं नाही. एक बाजू म्हणते, मेंढ्यांच्या खाण्या-तुडवण्यानं उंच झाडं दबून राहत होती, चराई गेली आणि त्यांना मोकळं रान मिळालं. दुसरी म्हणते, चराईबंदीनं दरीतल्या जाती कमी झाल्याचं दिसत नाही. हे झाड माजतं ते दरड कोसळलेल्या, हिमस्खलनानं खरवडलेल्या किंवा पूर्वी मेंढ्यांचे तळ पडायचे त्या जागी. मी रात्री घांघरियाच्या खोलीत नानांना दोन्ही बाजू सांगितल्या. त्यांना दोन्ही पटल्या. आपल्याकडंही मेंढरांचा वाडा, म्हणजे तळ, जिथं बसतो तिथं लेंड्या-मुतानं माती जड होते, आणि वाडा उठला की पहिल्या पावसात तिथं काटेमाठ उठतो, इतका की माणूस शिरू शकत नाही. "पण पुढच्या सालाला वाडा तिथंच आला की काटेमाठ तुडीवला जातो. वाडा येयाचाच बंद झाला तर तो राहणारच की." मला वाटतं, त्या दरीचं सगळ्यात सरळ उत्तर हेच असावं. मेंढ्यांनी जागा तयार केली, आणि मग मेंढ्या येणं थांबलं. दोष एकट्या चराईचा नाही आणि एकट्या बंदीचाही नाही.

म्हणजे माझ्या १ मेच्या भाषणात काय अर्धवट होतं ते आता नीट सांगता येईल. बंदीनं फुलं आली हे मी सांगितलं. बंदीनंतर चाळीस वर्षांनीही दर पावसाळ्यात माणसं वाकून तण उपटत आहेत, हे सांगितलं नाही. जे काम मेंढरू फुकट करत होतं ते आता मजुरी देऊन करावं लागतं. देशाला ती दरी इतकी मोलाची आहे की तो खर्च व्हायलाच हवा, त्यात मला शंका नाही. पण आमच्या गायरानासाठी दर वर्षी कोण वाकणार, हा प्रश्न ठरावात लिहायलाच हवा होता.

परतताना जोशीमठहून आम्ही रैणी आणि लाता या गावांकडं गेलो. रैणी म्हणजे मार्च १९७४ मध्ये गौरादेवी आणि गावातल्या बायकांनी झाडं वाचवली ते 'चिपको'चं गाव. नंदादेवी शिखराभोवतीचा गाभा याच गावांच्या डोक्यावर. १९७४ नंतर तिथं गिर्यारोहकांची रीघ लागली, कचरा आणि जळणासाठी तोड वाढली, १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं आणि गाभा सगळ्यांनाच बंद झाला. गिर्यारोहकांबरोबर तिथल्या लोकांची कुरणंही गेली आणि ओझी वाहण्याचा रोजगारही. १९९८ मध्ये याच भागातल्या लोकांनी 'झपटो-छीनो' आंदोलन करून बंद क्षेत्रात पाऊल टाकलं. ज्यांनी चोवीस वर्षांपूर्वी जंगलाला मिठी मारली होती त्यांच्यावरच कुंपण तोडायची वेळ आली. भ्यूंडारच्या लोकांचं तसं झालं नाही. तिथली दरी पाहुण्यांना उघडी राहिली, हेमकुंडचे यात्रेकरू होतेच, आणि खेचरं, दुकानं, खोल्या यांवर चार महिन्यांचा धंदा उभा राहिला. कायदा एक, वर्षही एक. एका ठिकाणी गेलेल्या चराईच्या जागी दुसरं काही आलं, दुसऱ्या ठिकाणी नाही. लाताच्या वाटेवर नाना बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मावशीच्या चार शेळ्यांचं आधी ठरवा. मग गायरानाचं."

रेल्वेत आम्ही वहीत एक आराखडा मांडला. त्यातली मुख्य गोष्ट मला पुष्पावतीच्या काठीच सुचली होती. त्या दरीत बर्फ वितळल्यापासून पुन्हा पडेपर्यंत झाडांना जेमतेम चार-पाच महिने मिळतात, तेवढ्यात उगवायचं, फुलायचं, बी टाकायचं. आमच्या माळाला बर्फ नाही, पण पाऊसही चारच महिने, उरलेले आठ महिने उन्हानं कुलूप लावलेलं. दोन्हीकडं गवताचा हंगाम तेवढाच तोकडा. म्हणून प्रश्न "चारू द्यायचं का नाही" हा नाही. प्रश्न आहे कधी आणि कुठं.

इथं नानांचं ज्ञान माझ्या पदवीपेक्षा कामाला आलं. आमच्या गायरानावर कुसळी गवत फार. कुसळी कोवळी असते तेव्हा, आषाढ-श्रावणात, मेंढरं आवडीनं खातात. नंतर तिला कुसळं येतात, ती लोकरीत आणि कातडीत शिरतात, मेंढरू तोंड लावत नाही. गायरान सरसकट बंद केलं तर पहिली काही वर्षं हीच कुसळी उभी वाळणार, आणि फाल्गुनात कुणाची विडी पडली की वणवा. पवना, मारवेल ही चांगली गवतं उलटी. चवदार, म्हणून सगळ्यात आधी खाल्ली जातात, बी धरायच्या आत. म्हणून ती दगडांच्या कपारीतच उरली होती. तरवडाचं झुडूप मात्र सगळीकडं, कारण त्याला शेळीही सहसा विचारत नाही.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मी आधी सांगितलं की मागच्या वेळी मी पाहिल्याशिवाय बोललो. मग आराखडा मांडला. गायरानाचे तीन कप्पे. पवना-मारवेल अजून थोडं तग धरून आहे तो ओढ्याकडचा कप्पा बी झडेपर्यंत बंद, नंतर विळ्यानं कापून नेता येईल, भारा मोजून. शेजारच्या नगर जिल्ह्यातल्या हिवरेबाजारानं चराईबंदीबरोबर विळ्यानं गवत कापायची वाट खुली ठेवली, ते आमच्या लोकांना ठाऊक होतंच. कुसळीचा कप्पा उलट, पाऊस सुरू होताच मेंढरांना मोकळा, आणि कुसळं आली की बंद. तिसरा, गावालगतचा, शेळ्यांसाठी बारा महिने उघडा. पहिल्या कप्प्यातलं कापलेलं गवत आधी भूमिहीन शेळीवाल्यांना. राखणदार मेंढपाळांच्याच घरातला, मोबदला गवतात. तरवड आणि गाजरगवत उपटायला श्रमदान, फुलावर यायच्या आत. आणि शेवटचं कलम, ज्यावर मी अडून बसलो : हा ठराव दोन वर्षांचा, त्यानंतर तो आपोआप संपेल आणि नव्यानं मांडावा लागेल. राष्ट्रीय उद्यानाला जे कायद्यानं करता येत नाही ते गावाला करता येतं. चुकलं तर बदलता येतं. ही ताकद आपण "कायमची बंदी" असं लिहून का घालवायची?

ठराव झाला. पूर्ण बंदी हवी असलेले काही जण नाराज झाले, आणि त्यांचं म्हणणंही अगदीच खोटं नव्हतं. तीन कप्प्यांची राखण एका कुंपणापेक्षा अवघड.

ती अवघड ठरलीच. २०२३ चा पावसाळा मराठवाड्याला कोरडा गेला. कडब्याचे भाव चढले, ओढ्याकडचा कप्पा तेवढा पिवळसर हिरवा दिसत होता, आणि रात्री त्यात शेळ्या शिरू लागल्या. राखणदारानं पकडल्या त्या कुणाच्या होत्या हे सगळ्या गावाला माहीत होतं, आणि कुणीच तोंड उघडलं नाही, कारण त्या घरात खायला नव्हतं. पंधरा दिवसांत खास ग्रामसभा बोलावली. दंड लावा म्हणणारे होते. नाना उठले आणि म्हणाले, चोरी करून खाण्यापेक्षा ठरवून खाऊ द्या. कप्प्याचा निम्मा भाग उघडला, वरचा निम्मा बियाण्यासाठी राखला. त्या दिवसापासून वरच्या भागात एकही शेळी गेली नाही. माझ्या मते हे प्रकरण तिथं सावरलं, नाहीतर लातासारखंच आमच्याही ठरावाच्या वाट्याला कुंपण तोडणं आलं असतं.

२०२४ ला पाऊस चांगला झाला. मी विद्यार्थ्यांना घेऊन एक मीटर बाय एक मीटरची दोरीची चौकट आणि चार खुंट्या घेऊन, चौकटीतली गवतं मोजत सगळं गायरान फिरलो. राखलेल्या वरच्या निम्म्यात पवना कपारीतून बाहेर आलेला दिसला, उतारावर दोन-तीन हात खालपर्यंत. उघडलेल्या निम्म्यात नाही. कुसळीच्या कप्प्यात कुसळी आहेच, पण विरळ, आणि मध्ये मारवेलाचे ठोंब. गावालगतचा शेळ्यांचा कप्पा मात्र बिघडला आहे. तिथं तरवड आणखी दाट झाला, आणि श्रमदानाला दुसऱ्या वर्षी पहिल्या वर्षाच्या निम्मीही माणसं आली नाहीत. पॉलिगोनमचा ढीग मला तिथं उभं राहून आठवला. तरवड तोडला तर बुडापासून फुटतो, खणूनच काढावा लागतो, आणि खणायला मजुरी लागते. ती कुठून आणायची हे अजून ठरलेलं नाही. कापलेल्या गवतावर भाऱ्यामागं थोडी रक्कम घ्यावी असं काही जण म्हणतात. मावशींचा त्याला विरोध आहे, आणि मी त्यांच्या बाजूनं आहे. ज्यांच्या विहिरीला पाणी वाढलं त्यांनी आधी द्यावं.

ठरावाची दोन वर्षं संपली तेव्हा तो नव्यानं मांडला गेला, शेळ्यांचा आणि कुसळीचा कप्पा अदलाबदल करून. नानांनी चौकटीची दोरी माझ्याकडून मागून घेतली. दर पोळ्याला त्याच खुंट्यांपाशी बसून ते नातवाला एकेका गवताचं नाव विचारतात, आणि जे नाव त्याला येत नाही त्याची काडी वहीत ठेवायला लावतात.